बेंदूर का बसला, आणि साजाचं दुकान पुढं चालवायचं का?

विचारणारा तासगाव तालुक्यातला तरुण आहे. त्याचे वडील बेंदराच्या, म्हणजे आपल्याकडच्या बैलांच्या सणाच्या, आधी आठवडी बाजारांतून बैलांच्या साजाचं दुकान मांडतात. अलीकडं निम्मा माल बांधून परत आणावा लागतो. त्याचे प्रश्न तीन: बेंदूर एवढा का बसला, तो परत उठेल का, आणि वडील थकल्यावर हे दुकान आपण हातात घ्यावं का.

मी याच धंद्यात आहे. आमच्या घरात आजोबांपासून म्होरक्या (बैलाच्या तोंडावर बांधायच्या दोऱ्या), गोंडे, गळ्यातले कंडे, घुंगरमाळा विकल्या जातात. आटपाडी, विटा, जत आणि पलीकडं म्हसवडपर्यंतचे बाजार आमचे. त्यामुळं जे सांगतो ते पालाखाली बसून बघितलेलं आहे.

पहिली गोष्ट. लोकांची हौस संपली, नव्या पोरांना सण नको झाले, असं तुमचे वडील म्हणत असतील. बाजारातले बहुतेक दुकानदार तेच म्हणतात. मला ते पटत नाही. बेंदराला पुरणपोळी आजही घरोघर होते, कुंभाराकडून मातीच्या बैलांची जोडी आजही आणली जाते, पोरं रिकाम्या गोठ्यातसुद्धा मोबाईलवर जुन्या बैलांचे फोटो लावतात. हौस आहे. ज्याच्या अंगावर आपला माल चढायचा तो बैलच दावणीला राहिला नाही. आपलं गिऱ्हाईक शेतकरी दिसतो, पण खरं गिऱ्हाईक बैल होता, आणि हे लक्षात घेऊनच पुढचा सगळा हिशेब करायला हवा.

आकडे बघा. २०१२ च्या पशुगणनेत देशात नर गोवंश ६ कोटी ७९ लाखांच्या आसपास होता. २०१९ च्या गणनेत तो ४ कोटी ७४ लाखांच्या आसपास आला. सात वर्षांत दहातले तीन गेले. त्याच काळात गायींची संख्या मात्र वाढली. म्हणजे माणसानं जनावर पाळणं सोडलेलं नाही, बैल पाळणं सोडलंय. आपल्या राज्यात एकूण गोवंश दीड कोटीच्या वर होता, तो १ कोटी ४० लाखांवर आला.

हे एका दिवसात झालं नाही, आणि कुठल्या क्रमानं झालं ते दुकानदाराला कळलं पाहिजे, कारण त्याच क्रमानं आपला माल उठायचा बंद झाला. आधी नांगरट ट्रॅक्टरकडं गेली. तेव्हा कुणाला फार जाणवलं नाही, कारण पेरणी, कुळवणी, कोळपणी आणि गाडी होतीच. मग मळणी मशीनवर गेली, खळं मोडलं. मग टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी फिरलं आणि जिथं बाजरी-ज्वारी होती तिथं ऊस, द्राक्ष, डाळिंब आलं. पाणी आलं याचा आनंद मला कुणापेक्षा कमी नाही. आमच्या भागानं टँकर आणि छावण्या पुष्कळ बघितल्यात. पण द्राक्षबागेत बैलाला काम नसतं, तिथं छोटा ट्रॅक्टर लागतो. शेवटी कोळपणी राहिली होती. सोयाबीन, भुईमुगाच्या ओळींतून कोळपं बैलच ओढायचा. तणनाशक स्वस्त आणि सहज मिळायला लागलं आणि ते कामही गेलं. साखर कारखान्यांच्या रस्त्यावर बैलांच्या टायरगाड्यांची रांग असायची, तिथंही आता ट्रॅक्टरमागं लावलेल्या गाड्या दिसतात. वर्षातले मोजके दिवस काम आणि बारा महिने वैरण, हा हिशेब कुठल्याही शेतकऱ्याला झेपणारा नाही.

वैरणीबरोबर माणूसही लागतो. बैलजोडी म्हणजे रोज पहाटे उठणारा एक गडी. विटा-खानापूर-आटपाडीकडची पोरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात देशभर पसरलीत, बाकीची पुण्या-मुंबईला. सोन्या-चांदीच्या भट्टीवर बसलेला पोरगा गावच्या जत्रेला रजा काढून येतो, दसरा-दिवाळीला येतो. ऐन पावसात, आषाढात, बेंदरासाठी कोण येणार? मग म्हातारा-म्हातारी जोडी विकून एक दुभती गाय ठेवतात.

जोडी विकण्याचंही गणित बदललं. पूर्वी वय झालेला बैल बाजारात जायचा, त्याच्या पैशात भर घालून नवं खोंड यायचं. मार्च २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्याही कत्तलीवर बंदी आली. कायद्याच्या हेतूवर मी बोलत नाही, बैलाला आईबापासारखा मानणारा शेतकरी मीही पाहिलाय. पण थकलेल्या बैलाला किंमत उरली नाही, त्यामुळं नव्या खोंडासाठी सगळा पैसा खिशातून घालावा लागतो. ज्यांची एक जोडी म्हातारी झाली त्यांतल्या पुष्कळांनी दुसरी घेतलीच नाही. माझ्या वहीतली कितीतरी नावं अशीच एकेक करून थांबली. भांडण नाही, उधारी बुडाली नाही, दुसऱ्या दुकानात गेले असंही नाही.

त्यात मधली वर्षं एकामागून एक वाईट गेली. २०१२-१३ आणि २०१९ च्या दुष्काळात आमच्याकडची जनावरं चारा छावणीत होती. छावणीतही लोकांनी बेंदूर केला, हे मला आवर्जून सांगायचंय. पत्र्याच्या शेडखाली बैलाच्या कपाळाला कुंकू लावताना बाया रडलेल्या मी बघितल्यात. २०२० ला टाळेबंदीत बाजारच भरले नाहीत. २०२१ ला बेंदराच्याच आठवड्यात कृष्णा-वारणेला महापूर. २०२२ ला लम्पी आला आणि जनावरांचे बाजार बंद झाले. खरसुंडीची पौषातली यात्रा, पुसेगावची यात्रा इथं खिलार जनावरांच्या खरेदी-विक्रीबरोबर आपला माल खपायचा. जनावर घेतलं की नवा कासरा, नवी म्होरकी घ्यायचीच, ही रीत. जनावरच फिरलं नाही तर कासरा कोण घेणार?

आता दुकानाकडं येतो.

आपला सगळा धंदा जोडीवर उभा होता. हे बाहेरच्या माणसाला समजत नाही. म्होरक्या दोन, एका सुताच्या, एका रंगाच्या, गोंडे चार, शेंब्या (शिंगाच्या टोकाच्या पितळी टोप्या) चार. घुंगरमाळ घेताना जुना शेतकरी दोन्ही माळा दोन हातांत धरून वाजवायचा आणि एका आवाजाच्या लागेपर्यंत बाजूला ठेवत जायचा. आमचे वडील तर बाजाराच्या आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात माळा वाजवून जोड्या लावून ठेवायचे. शिंगाच्या शेंबीसाठी गिऱ्हाईक सुतळीला गाठी मारून माप आणायचं: एक गाठ डाव्या शिंगाची, एक उजव्याची, कारण खिलाराची दोन शिंगं टोकाला सारखी असतीलच असं नाही. त्या मापानं पितळी शेंबी काढून द्यायची, आणि सैल वाटली तर आत सुताचे दोन वेढे. आज गिऱ्हाईक एकच म्होरकी मागतं. एकच कंडा. उरलेला जोडीदार दुकानात पडून राहतो आणि पुढं कुठल्याच रंगाशी जुळत नाही. तुमचा निम्मा माल परत येतो म्हणता, तेव्हा एकदा गाठोडं सोडून बघा. माझा अंदाज आहे की त्यात फुटलेल्या जोड्याच जास्त निघतील.

एकच का मागतात? त्याचं कारण बैलगाडी शर्यत. २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं आणि २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती बंद झाल्या, २०१७ ला राज्यानं कायदा केला तरी उच्च न्यायालयात अडकल्या, १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम केली. तेव्हापासून खोंडांच्या किमती चढल्या, आणि सातारा-सांगलीत बैल पुन्हा दिसायला लागला. पण शर्यतीचा मालक बहुतेक वेळा एकच बैल सांभाळतो आणि पायरा, म्हणजे शर्यतीपुरता जोडीदार बैल, दुसऱ्या मालकाचा जुळवतो. त्याच्या दावणीला जोडी नसतेच. म्हणून एकच नग.

या गिऱ्हाइकाबद्दल मला मनापासून चांगलं वाटतं. खिलार टिकलंय ते आज बऱ्याच अंशी याच पोरांमुळं. ते बैलाला खुराक घालतात, अंगाला माती लागू देत नाहीत, आणि बेंदराला त्याची मिरवणूक काढतात. मात्र त्यांना तुमच्या वडिलांचा ठोक माल नको असतो. त्यांना मखमली झूल हवी, तिच्यावर बैलाचं नाव आणि गावाचं नाव जरीनं भरलेलं हवं, आणि दुसऱ्या कुणाच्या बैलावर तसली झूल असता कामा नये. हे काम ऑर्डरवरच होतं. निम्मे पैसे आधी घ्यायचे, कारण नाव टाकलेली झूल दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. चाबूक मात्र दुकानात ठेवू नका. शर्यतीच्या नियमांत काठी, चाबूक, टोचणी यांना मनाई आहे, आणि ते योग्यच आहे.

दुसरं नवं गिऱ्हाईक म्हणजे गायवाला. बैल नाही, पण सण तर करायचा, मग गोठ्यातल्या संकरित गायीलाच धुऊन-पुसून पुजतात. इथं दुकानदार फसतो. वासरू लहान असतानाच पुष्कळ जण शिंगाचे कोंब जाळून टाकतात. शिंगच नाही तर शेंबी, बेगड, शिंगाचे गोंडे, हिंगूळ (शिंगांना लावायचा लाल रंग), सगळं गेलं. खिलाराच्या मापाची म्होरकी तिच्या रुंद तोंडाला बसतही नाही. गायीसाठी गळ्याचा रुंद पट्टा, त्याला एक चांगली घंटा, मण्यांची माळ आणि मोठ्या मापाची म्होरकी एवढंच चालतं. पण हे गिऱ्हाईक दरवर्षी येतं, रोखीनं घेतं आणि गोठ्यात जितक्या गायी तितके पट्टे नेतं. ट्रॅक्टरला बांधायचे गोंडे आणि माळाही आता बेंदराला विकल्या जातात. मला आधी ते बघवत नसे. पण ज्या घरानं बैलाच्या जागी ट्रॅक्टर आणला ते घर त्याची पूजा त्याच दिवशी करतं, यात बैलाची आठवणच आहे, असं आता वाटतं.

मालाच्या बाबतीत एक गोष्ट तळमळीनं सांगतो. वेसण सुताचीच विका. नायलॉनची वेसण स्वस्त पडते, झिजत नाही, रंगीत दिसते आणि जनावराचं नाक कापते. पावसाळ्यात त्या जखमेवर माशी बसली की अळ्या पडतात. कासरा, दावं नायलॉनचं घेतो म्हणाला तर घेऊ द्या, पण नाकातून जाणारी दोरी आणि तोंडाला लागणारी म्होरकी सुताची किंवा अंबाडीची, आणि म्होरकीच्या आतल्या बाजूला गाठ येता कामा नये. घेताना बोट फिरवून बघा. जिथं बोटाला टोचतं तिथं जनावराची कातडी जाणार. शिंगांसाठी ऑईलपेंटचे डबे आपणच विकायला लागलो आणि हिंगूळ मागं पडलं. माझ्या मते दोन्ही जपूनच वापरावीत, कारण जनावर एकमेकांना चाटतं आणि हिंगूळही पोटात जाण्याची वस्तू नव्हे. मी आता गेरू आणि तेल देतो. झळाळी कमी, पण दुसऱ्या दिवशी धुतलं की जातं. तसंच पत्र्याचे घुंगरू. बाहेरून येणारे तयार सेट याच घुंगरांचे असतात. चार दिवसांत गंजतात आणि आवाज खडखड येतो. घुंगरू कडीला धरून मोकळं हलवा. पितळेचा नाद थोडा वेळ रेंगाळतो, पत्र्याचा जागीच मरतो. गिऱ्हाइकालाही हलवून दाखवा, तो स्वतःच पितळेकडं हात नेतो.

आपल्या या मालामागं हातही होते, ते विसरून चालणार नाही. दोर वळणारी मातंग समाजाची घरं, चामड्याचे पट्टे शिवणारे, गोंडे करणाऱ्या बायका, मातीचे बैल घडवणारे कुंभार. बेंदूर बसला तो या सगळ्यांच्या चुलीपर्यंत बसला. बलुत्याच्या काळात कुंभार घरोघर मातीची जोडी द्यायचा आणि धान्य घ्यायचा. आता तो बाजारात आपल्या शेजारी टोपली घेऊन बसतो आणि त्याच्यासमोर साच्यातले रंगीत प्लॅस्टरचे बैल विकले जातात. तुमच्याकडं सुताच्या म्होरक्या वळून देणारं एखादं घर अजून काम करत असेल तर त्यांना वर्षभर थोडं थोडं काम द्या. बेंदराच्या तोंडावर धावत गेलात तर मिळणार नाही, आणि एकदा त्या घरानं काम सोडलं की पुढच्या पिढीत ते येणार नाही. आमच्या गावात असं झालंय.

परत उठेल का, या प्रश्नाला माझं सरळ उत्तर: वडिलांनी पाहिलेला बेंदूर परत येणार नाही. वेशीत मानाच्या बैलानं कर, म्हणजे आडवं बांधलेलं तोरण, तोडावी आणि मागून गावातल्या सगळ्या जोड्या वाजत-गाजत याव्यात, यासाठी आधी गावात तेवढ्या जोड्या लागतात. काही गावांत आता कर तोडायला शेजारच्या गावचा बैल आणतात. ढोल-ताशाच्या जागी डीजे आला म्हणून सण बिघडला असं म्हणणारे भेटतील. मला त्या आवाजात बैल थरथरताना बघून वाईट वाटतं, आणि मी ज्याला झूल विकतो त्याला तसं सांगतोही. पण डीजेनं बेंदूर बसवला नाही. गोठे आधीच रिकामे झाले होते.

तरीही दुकान घ्या, असं मी म्हणेन. दोन अटींवर. एक, हा घरातला एकमेव धंदा नको. शेती असेल, दुसरं काही असेल तर त्याच्या जोडीला हे ठेवा. दोन, एका सणावर बसू नका. जतच्या दक्षिणेला आणि मिरजेच्या सीमाभागात कर्नाटकी बेंदूर असतो, तो ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास येतो. आपला महाराष्ट्रीय बेंदूर आषाढ पौर्णिमेच्या आसपास. मराठवाडा, विदर्भात पोळा श्रावण अमावास्येला, आणि पुणे जिल्ह्यात पुष्कळ ठिकाणी भाद्रपद अमावास्येला. म्हणजे ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत तोच माल चार वेळा मांडता येतो. तुमचे वडील तासगाव-विट्याच्या पलीकडं गेले नाहीत कारण त्यांना जावं लागलंच नाही. तुम्हाला जावं लागेल. उरलेला माल गाठोड्यात बांधून वर्षभर माळ्यावर टाकायचा नाही. सुताला कसर लागते आणि बेगड काळी पडते. आषाढात न खपलेलं पोळ्याच्या बाजारात न्या, नाहीतर तिकडच्या दुकानदाराला ठोक भावात द्या.

उधारीचं एवढंच: जुन्या शेतकरी गिऱ्हाइकाला सुगीपर्यंत थांबा, तो देतो. शर्यतवाल्याला उधार देऊ नका. बैल जिंकला तर पैसे येतात, हरला तर फोन लागत नाही.

आणि घरात जुन्या पितळी शेंब्या, घुंगरमाळा, तोडे पडून असतील तर ते मोडीत घालू नका. पितळेचा भाव बघून मोह होईल, आणि सजावटीसाठी घेणारे हॉटेलवालेही येतात. आधी वडिलांना सोबत बसवून जेवढ्या जोड्या लागतात तेवढ्या लावून घ्या. आवाजाची जोडी त्यांच्या कानाला कळते, तुम्हाला अजून कळणार नाही, आणि ते शिकायला याहून चांगली संधी नाही. ज्यांच्या दावणीला अजून दोन बैल आहेत अशी घरं तुमच्या तालुक्यात थोडी असतील, पण आहेत. वडिलांच्या वहीतून ती नावं काढा, त्यांना फोन करा, आणि त्या जोड्या त्यांच्यासाठी बाजूला ठेवा. सुताच्या म्होरक्यांची ऑर्डर चैत्रातच द्या. ज्येष्ठ उजाडल्यावर चांगलं सूत मिळत नाही.